मिसिसिपीच्या उगमाशीं मुक्काम

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागांत इटास्का नांवाचें एक सरोवर आहे. त्याच्या उत्तरेकडील टोंकाशीं पाण्याचा एक उथळ ओघ बाहेर पडतो. रुंदी सुमारें १८ ते २० फूट, खोली फार तर गुडघाभर. लहान मुलें दगडांवरून पावलें टाकीत सहज पलीकडे जातात. हीच मिसिसिपी नदी. येथून ती अडीच हजार मैल वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखातास मिळते. या सरोवराभोंवतीं राज्याचें मोठें उद्यान असून त्यांत राहण्यास लांकडी कुट्या आणि राहुट्या ठोकण्याच्या जागा आहेत. उन्हाळ्यांत तेथें चार दिवस जाऊन राहण्याचा बेत कित्येक कुटुंबें करतात. मिनेआपोलिसकडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेलीं आपलीं मराठी कुटुंबेंही त्यांत असतील. असा बेत करणारा मनुष्य कुटी केव्हां मिळेल आणि भाडें किती पडेल एवढें विचारतो. ती कुटी आणि तिच्या भोंवतालचें अरण्य आजवर टिकलें कसें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आज मला तेंच सांगावयाचें आहे.

या सरोवराकांठीं मुक्काम करण्याची चाल फार जुनी आहे. १९३७ सालीं उद्यानांत रस्ता करतांना दलदलींत रानरेड्यांचीं हाडें सांपडलीं. पुढें विद्यापीठाच्या संशोधकांनीं तेथें रीतसर खोदकाम केलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, सात-आठ हजार वर्षांपूर्वीं पाणवठ्यावर आलेल्या या जनावरांना शिकारी लोक गांठीत आणि जवळच तळ देऊन राहत. अलीकडच्या काळांत हा मुलूख ओजिब्वे लोकांचा होता. त्यांच्या भाषेंत या सरोवराच्या नांवाचा अर्थ ‘एल्कचें तळें’ असा आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठें असें एक हरिण. १८३२ सालच्या जुलै महिन्यांत हेन्री स्कूलक्राफ्ट हा गोरा प्रवासी येथें आला, तो ओझाविंडिब या ओजिब्वे प्रमुखानें वाट दाखविली म्हणून. सरोवरांतील एका बेटावर उतरून, निशाण उभारून तो थोड्याच वेळांत परत फिरला. आज त्या बेटाला नांव स्कूलक्राफ्टचें आहे. वाटाड्यांच्या वांट्याला इतिहासांत बहुधा असेंच येतें.

‘इटास्का’ हें नांवही त्याच प्रवासांतील. तें कानाला तद्देशीय वाटतें, परंतु तसें नाहीं. स्कूलक्राफ्टनें सोबतच्या बाउटवेल नामक मिशनऱ्याकडून ‘खरा उगम’ या अर्थाचे लॅटिन शब्द मागून घेतले. त्यानें दिले ते ‘व्हेरिटास’ आणि ‘कॅपुट’. पहिल्याचें डोकें उडविलें, दुसऱ्याचें शेंपूट छाटलें, आणि जें मधें उरलें तें ‘इटास्का’. लॅटिनच्या पंडितांनीं त्यावर खुशाल नाकें मुरडावीं. नांव गोड आहे हें खरें.

१८५५ च्या तहानें हा प्रदेश ओजिब्वे लोकांच्या हातून संयुक्त संस्थानांच्या सरकारकडे गेला. पुढें १८८१ मध्यें विलार्ड ग्लेझिअर नांवाच्या गृहस्थानें शेजारचें दुसरेंच तळें हा खरा उगम असल्याचें जाहीर केलें व त्यास स्वतःचें नांव दिलें. वाद माजला. त्याचा निकाल लावण्यासाठीं तेथील इतिहास-संस्थेनें १८८९ मध्यें जेकब ब्रॉवर यास मोजणीकरितां धाडलें. ब्रॉवरनें मोजणी करून इटास्काचा मान कायम केला. परंतु साखळी घेऊन हिंडतां हिंडतां त्याला दुसरेंच कांहीं दिसलें. सभोंवारच्या पाइन वृक्षांवर लांकूड-व्यापाऱ्यांचा डोळा होता आणि कुऱ्हाड जवळ येत चालली होती. मग त्यानें उगमाचा वाद मागें टाकून अरण्य वांचविण्याचा ध्यास घेतला. ता. २० एप्रिल १८९१ रोजीं मिनेसोटाच्या विधिमंडळानें उद्यानाचा कायदा संमत केला, तो अवघ्या एका मताच्या आधिक्यानें.

कायदा झाला, पण पैसा दिला नाहीं. उद्यानाच्या हद्दींतील पुष्कळशी जमीन आणि तिच्यावरील झाडें खासगी मालकीचीं होतीं, आणि तीं विकत घेण्यास तिजोरी रिकामी. व्यापारी कंपन्या आपलीं झाडें तोडीत व ओंडके सरोवराच्या पाण्यावरून नदींत सोडीत. त्यासाठीं उगमाखालीं बांध घालून पाणी तुंबवीत. पाणी चढलें कीं कांठची झाडी बुडून मरे.

अशा वेळीं १९०३ च्या फेब्रुवारींत उद्यानाचे अधिकारी गिब्ज हे वारले आणि त्यांची मुलगी मेरी गिब्ज त्या जागेवर आली. तिचें वय त्या वेळीं २४ वर्षांचें. वसंत ऋतूंत पाणी चढूं लागतांच ती बांधावर गेली व दारें उघडा म्हणून तिनें बजावलें. समोर कंपनीचीं माणसें बंदुका घेऊन उभीं होतीं; दाराच्या दांड्याला जो हात लावील त्याच्यावर गोळी झाडूं, अशी त्यांची धमकी होती. तिनें हात लावला. गोळी सुटली नाहीं. तथापि तीं अवजड दारें एकटीनें उचलण्यासारखीं नव्हतीं. प्रकरण न्यायालयांत गेलें, कंपनीनें आपल्या बाजूचा हुकूम मिळविला, आणि थोड्याच दिवसांत मेरी गिब्जचें अधिकारपद संपलें. तिच्या जागीं दुसरा मनुष्य नेमला गेला. हिशेबीपणानें पाहिलें तर ती हरली. वृक्षतोड पुढें १९२० च्या सुमारापर्यंत चाललीच होती. परंतु आज उगमाजवळ प्रवाशांसाठीं जें केंद्र आहे त्यास तिचेंच नांव आहे. कंपनीचें नांव किती प्रवाशांना ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

आतां राहण्याच्या सोयीकडे वळूं. १९०५ सालीं ओंडक्यांचें एक ऐसपैस विश्रामगृह बांधलें गेलें. त्याचें नांव डग्लस लॉज. अजूनही तेथें पाहुणे उतरतात. बाकीचें पुष्कळसें काम झालें तें मंदीच्या काळांत. १९३३ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं बेकार तरुणांची एक सेना उभारली. तिला वनरक्षणाचें काम दिलें. महिना ३० डॉलर पगार, त्यांतले २५ परस्पर घरीं पाठवावयाचे. या मुलांनीं इटास्का येथें रस्ते केले, पायवाटा पाडल्या आणि इमारती उभारल्या. १९३४ मध्यें बांधलेली ‘ओल्ड टायमर्स केबिन’ अवश्य पाहण्यासारखी आहे. वाऱ्यानें पडलेल्या वृक्षांचे ओंडके तिला वापरले आहेत, आणि ते इतके जाड कीं भिंतीची उंची अवघ्या चार ओंडक्यांत पुरी झाली! उगमाचें आजचें रूपही बरेचसें त्याच काळांतलें. लांकूडतोड्यांनीं व पुरांनीं तो कांठ दलदलीचा करून टाकला होता. तो भरून काढला, ओघाला पात्र करून दिलें, आणि ज्या दगडांवरून मुलें नदी ओलांडतात त्यांच्याखालीं काँक्रीटचा बंधारा घातला. खऱ्या उगमाच्या नांवानें प्रसिद्ध पावलेल्या जागेला मनुष्याचा हात असा लागलेला आहे.

तेथें जाणाऱ्यानें कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जुन्या कुट्या थोड्या आणि मागणी फार, म्हणून कित्येक महिने आधीं जागा राखून ठेवावी लागते. डग्लस लॉज हिवाळ्यांत बंद असतें. मे व सप्टेंबरांत रात्रीं दंव पडतें, तेव्हां जाड पांघरूण हवें. जूनमध्यें थंडी जाते आणि डांस येतात. अरण्यांत काळीं अस्वलें आहेत. खाण्याचे पदार्थ राहुटींत मुळींच ठेवूं नयेत, ते मोटारींत बंद करावे. जळण दुरून नेऊं नये, तेथेंच विकत घ्यावें; लांकडाबरोबर येणाऱ्या किडीनें त्या देशांतले ॲश वृक्ष अतोनात मरत आहेत.

वृक्षांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों. येथील तांबड्या सालीच्या पाइन वृक्षांपैकीं कित्येकांचें वय दोनशें वर्षांहून अधिक आहे. त्यांच्या उत्पत्तीला वणवा कारण झाला होता. जमिनीवरचा पालापाचोळा जळाला म्हणजे बीं मातीला लागे. उद्यान झाल्यावर वणवे विझविण्यांत आले आणि शिकारही बंद झाली. हरणें वाढलीं, त्यांनीं कोंवळे शेंडे खाऊन टाकले, आणि वांचविलेल्या म्हाताऱ्या वृक्षांखालीं नवीं रोपें दिसेनाशीं झालीं. आतां अधिकारी स्वतः बेतानें आग लावून जमीन मोकळी करतात. शिवाय शरद ऋतूंत रोपांच्या शेंड्यांवर कागदाचे तुकडे टांचतात, म्हणजे हिवाळ्यांत हरणाचें तोंड तेथें लागत नाहीं. राहुटीकडे जातांना वाटेंत गुडघाभर उंचीचीं, डोक्यावर पांढरी कागदी टोपी घातलेलीं अशीं रोपें दिसलीं, तर मुलांना तीं उपटूं देऊं नका. त्यांचे आजोबा शेजारींच शंभर फूट उंच उभे आहेत.