दूध ‘आटलं’ म्हणजे संपलं का? बाटलीकडून परत आईकडे येण्याचा इतिहास

आजचा विषय देवणी, उदगीर, निलंगा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कधी ना कधी निघालेला आहे. सिझर झालेलं असतं, नाहीतर लेकरू वजनाला कमी म्हणून पेटीत ठेवलेलं असतं. पहिले चार-पाच दिवस त्याला बाटलीनं वरचं दूध मिळतं. घरी आल्यावर आई अंगावर घ्यायला जाते, तर ते तोंड फिरवतं, रडून लाल होतं. मग कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही. आटलं." आणि दुधाचा डबा घरात कायमचा येतो.

हे ‘आटलं’ आलं कुठून? आणि आटलेलं परत येतं, हे कुणी दाखवलं? आज तेवढंच बघू.

सुरुवात गोठ्यापासून करतो. आयाबायांनी राग मानू नये, पण दुधाचं शास्त्र आपल्याकडे आधी गोठ्यात होतं. देवणी म्हटलं की देशभर लोकांना आधी गाय आठवते. वानेरा, बालंक्या, शेवरा असे तिचे तीन प्रकार. या गाईची धार काढायची तर आधी वासरू सोडावं लागतं. वासरानं चार ढुशा दिल्या, ओढलं, की गाय पान्हावते. वासरू दगावलं तर ती पान्हा चोरते. दूध असतं, पण उतरत नाही. आणि धार काढायची थांबवली की हळूहळू आटते. हे इथल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं.

माणसाच्या आईचं तंत्रही मुळात असंच चालतं. बाळ ओढतं, तसा मेंदूला निरोप जातो. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते खाली उतरवतं. जितकं दूध निघतं, तितकं नवं बनतं. ओढणारं तोंड बाटलीकडे गेलं की मागणी थांबते, आणि मागणी थांबली की दूध कमी होतं. म्हणजे बहुतेक वेळा दूध नाही म्हणून बाटली येत नाही. बाटली आली म्हणून दूध जातं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. आईच्या दुधाशी पहिली स्पर्धा बाटलीनं केली नाही. त्याआधी मध होता, गुळाचं पाणी होतं. पहिला चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायची रीत कितीतरी घरांत होती. गंमत बघा, त्याच घरात गाईचा चीक टाकून देत नसत, त्याचा खरवस व्हायचा!

डब्याची गोष्ट युरोपातली. १८६७ साली हेन्री नेस्ले यांनी स्वित्झर्लंडमध्ये बाळांसाठी दूध आणि पिठाचं मिश्रण बाजारात आणलं. पुढे रुग्णालयातली बाळंतपणं वाढली. बाळ वेगळ्या खोलीत, आई वेगळ्या खोलीत, आणि पाजायचं ते घड्याळ बघून, तीन-चार तासांनी. बाळ कमी ओढणार, दूध कमी येणार, आणि हातात तयार बाटली. ‘आटलं’ हे वाक्य अशा व्यवस्थेतून पक्कं झालं. १९३९ मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरच्या रोटरी क्लबसमोर भाषण केलं. गरीब घरांत बाटलीचं दूध पोहोचवणं हा एक प्रकारचा खूनच आहे, असा त्यांचा रोख होता.

भारतात म्हशीच्या दुधापासून बाळांची भुकटी बनवायचं तंत्र म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं बसवलं आणि अमूलनं ते उत्पादनात आणलं. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेनं या बाजाराला आचारसंहिता घातली. ११८ देश बाजूनं, विरोधात एकटी अमेरिका. भारत बाजूनं होता.

आता महाराष्ट्रात येऊ. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभागातून डबा आणि बाटली बाहेर काढायला आणि आयांना बाळांजवळ आणायला सुरुवात केली. २७ नोव्हेंबर १९८९ ला तिथे आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी राहिली. ३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात स्तनपानासाठी काम करणारं देशव्यापी जाळं, बीपीएनआय, स्थापन झालं. १९९२ च्या अखेरीस संसदेनं कायदा केला. बाळाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र बंद.

लातूरकरांसाठी १९९३ म्हणजे ३० सप्टेंबर, किल्लारी. दुसरं काही आठवणार नाही, आणि ते साहजिक आहे. पण त्याच वर्षी १ ऑगस्टला हा कायदा लागू झाला. आणि त्याच वर्षी कर्नाटकातल्या दावणगेरेच्या जे.जे.एम. वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी, दूध थांबलेल्या आयांना पुन्हा दूध कसं आलं याचे अनुभव ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये मांडले. आत ओढलेलं स्तनाग्र बाहेर काढायला त्यांनी साधी सिरिंज उलटी वापरली. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या विषयावर वेगळी पुस्तिकाच काढली. म्हणजे ‘आटलं’चं उत्तर तेव्हापासून छापील आहे!

उत्तर काय आहे? बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, जमेल तितका वेळ ठेवायचं. भुकेनं रडून थकायच्या आधी, तोंड हलवायला लागलं की अंगावर घ्यायचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. बाळ ओढत असताना छातीवरून दुधाचे थेंब सोडायचे, किंवा बारीक नळीचं एक टोक दुधाच्या वाटीत आणि दुसरं स्तनाग्राशी. ओढलं की काहीतरी मिळतं, म्हणून बाळ ओढत राहतं, आणि त्या ओढण्यानंच आईचं दूध वाढतं. बाळ घेतच नसेल तेव्हा हातानं पिळून काढायचं. वरचं दूध लागलंच तर बाटलीनं नको, वाटी-चमच्यानं, नाहीतर आपल्या जुन्या बोंडल्यानं.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. ‘उपाशी ठेवा, आपोआप घेईल’ हा सल्ला घातक आहे. वरचं दूध एकदम तोडायचं नाही. आईचं वाढेल तसं, वजन बघत, डॉक्टर किंवा नर्सच्या नजरेखाली कमी करायचं. दिवसातून सहा वेळा तरी लघवी व्हायला हवी. बाळ सुस्त झालं, प्यायचंच थांबलं, तर वाट न बघता दवाखाना. कुणाला काही दिवसांत जमतं, कुणाला काही आठवडे लागतात. कुणाला पूर्ण जमत नाही, पण थोडं आलं तरी ते थोडं बाळाच्या पोटात जातं. त्यात आईचा दोष नाही.

आपल्या भागात हा प्रश्न पाण्याचाही आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिथे प्यायचं पाणी रेल्वेनं येतं, तिथे दिवसातून आठ वेळा बाटली उकळायची कशी? महाग डबा पुरवायला जास्त पाणी घालून पातळ केलेलं दूध, नीट न धुतलेली बाटली आणि मागोमाग जुलाब, ही साखळी जुनीच आहे.

कायद्यानं जाहिरात थांबवली. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं फक्त ४१.८ टक्के निघाली. बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होत असताना! पहिला तास तिथेच निसटतो, आणि परतीची वाट घरी शोधावी लागते. घरी येऊन बाळ बघायची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि २०११ पासून देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा भेटी. मंडळी, ‘आटलं’ हा शब्द घरात पहिल्यांदा निघेल, तेव्हा डब्याच्या दुकानाआधी आशाताईंना फोन लावा. आणि त्या दिवसांत बाळंतिणीच्या वाटची चूल, धुणी, पाहुणे सासूबाईंनी नाहीतर नवऱ्यानं उचलावेत. तिचं काम एकच, लेकरू छातीशी धरून बसणं.

आजचा भाग इथे थांबवतो. घरात बाळंतीण असेल तर तिच्या सासूबाईंनाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात.