मेणाच्या ठोकळ्यातले दफ्तर

सकाळी नायगावहून चर्चगेटची लोकल पकडणाऱ्या गर्दीत एखादा नातेवाईक छोटीशी पुडी जपून नेत असतो. तिच्यात काचेच्या स्लाइड्स असतात आणि मेणाचा एक ठोकळा. रुग्णालयाच्या भाषेत 'ब्लॉक'. मोठ्या आतड्यातून काढलेल्या गाठीचा तुकडा त्या मेणात जपलेला असतो. परळच्या टाटा रुग्णालयात त्याची फेरतपासणी व्हायची असते. घरच्यांना एकच जाणून घ्यायचे असते : रोग परतेल का?

या प्रश्नाला इतिहास आहे. १९३२ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन गट पाडले. गाठ आतड्याच्या भिंतीतच असेल तर 'ए', भिंत ओलांडली तर 'बी', लसिकाग्रंथींत पोहोचली तर 'सी'. हिशेब साधा, पण कित्येक दशके पुरला.

१९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घेतली. भारतीय विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. त्या पिढीचे मुख्य साधन सूक्ष्मदर्शक. त्यातून पेशींची ठेवण दिसे. कोणते जनुक जोमाने काम करते आणि कोणते मंदावले आहे, हे मात्र दिसत नसे.

खरी अडचण 'बी' गटाची. शस्त्रक्रियेनेच बहुतेक जण बरे होतात, काहींचा रोग परततो. मग केमोथेरपीचा त्रास कोणाला द्यावा?

येथे संशोधकांनी आपल्यासारखेच केले : ते दफ्तरखान्यात शिरले! अमेरिकेतील जुन्या चाचण्यांचे ब्लॉक जपलेले होते आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले, याची नोंदही होती. १,८५१ रुग्णांच्या नमुन्यांत ७६१ जनुकांची सक्रियता तपासून अखेर सात निवडली गेली. तुलनेसाठी आणखी पाच. निष्कर्ष चकित करणारा होता. पेशीविभाजनाची जनुके अधिक सक्रिय असलेल्या गाठी कमी परतत. गाठीभोवतीच्या आधार-ऊतीची जनुके सक्रिय असतील तर धोका वाढे.

२०११ मध्ये ब्रिटनमधील 'क्वासार' चाचणीच्या १,४३६ रुग्णांवरील पडताळणी प्रसिद्ध झाली. रोग परतण्याचा धोका या गुणांकाने सांगितला. केमोथेरपीचा लाभ कोणाला अधिक होईल, हे मात्र त्याला सांगता आले नाही. म्हणून तो निर्णय घेताना डॉक्टर आजही गाठ किती खोल गेली आणि किती लसिकाग्रंथी तपासल्या, हे आधी पाहतात.