सामान्य माणसाचा पुतळा

आम्हा नंदुरबारकरांना स्मारक म्हटले की ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती घेऊन पोलिसांच्या गोळ्या झेलणारा शिरीषकुमार आठवतो. स्मारक कर्तृत्वाचे असते, हा संकेत आपल्या अंगवळणी पडलेला आहे. हौशी संग्राहकाच्या कपाटातील सुपरमॅन, फँटम यांच्या छोट्या मूर्तीदेखील पराक्रमाच्याच असतात.

पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात २००१ साली उभारलेला आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'चा पुतळा हा संकेत मोडतो. चौकटीचा कोट, धोतर, चष्मा असा हा व्यंगचित्रातला गृहस्थ. १९५१मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त सुरू झालेल्या 'यू सेड इट'मध्ये तो काही करीत नाही, बोलतही नाही; सत्ताधाऱ्यांकडे केवळ पाहत राहतो.

२६ जानेवारी २०१५ रोजी लक्ष्मण गेले. त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी याच आवारात ठेवले होते. निर्माता गेला, साक्षीदार मागे उरला. मात्र साक्षीदाराचा पुतळा झाला की तो पूजनीय होतो, आणि त्याच्या नजरेचा धाक ओसरतो. संग्रहातील मूर्तीवरची धूळ पुसता येते. या पुतळ्याची खरी निगा म्हणजे त्याच्यासारखे पाहत राहणे.