लाकडी जमीन आणि ओलं फडकं

आमच्या महिला मंडळाची बैठक एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरते. वर्गणी काढून आम्ही तिथली सागवानी फळ्यांची जमीन घासून नव्याने पॉलिश करून घेतली. दुसऱ्याच दिवशी हौसेने ती साबणाच्या पाण्याने पुसली आणि ओलीच सोडून घरी गेलो. संध्याकाळी पाहतो तर जागोजागी पांढरे डाग! पैसे सगळ्यांचे आणि चूक आमची. केली तर स्वच्छताच होती. मग बिघडलं कुठे?

लाकडाचं आणि पाण्याचं वैर जुनं आहे. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात संगमरवरी जमिनी सतत धुतल्या जात. ते पाणी झिरपून खालच्या तुळया कुजू लागल्या, म्हणून १६८४ मध्ये तिथे संगमरवराच्या जागी लाकडी जमीन आली. अशा जमिनी धूत नसत; मेण लावून घासत. पायाला ब्रश बांधून जमीन चमकवणारे नोकरच फ्रान्समध्ये असत.

पुढे लाकडावर लाख आली, आणि ती आपल्याकडची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ सोडतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात. तोच चपडा. भारतातून तो परदेशी जाई. त्यापासून ग्रामोफोनच्या तबकड्या होत आणि स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या घरांच्या जमिनींवरही तो चढला. लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला संस्था निघाली. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन तयार केलं. महायुद्धानंतर त्याचा टणक थर जमिनींवर आला आणि लाख मागे पडली.

आमच्या माडीवर लाखच होती. ती पाण्याने पांढरी पडते, पण सावरूनही घेते. सुतारकाकांनी स्पिरिटचा हलका हात फिरवला, थर पुन्हा एकजीव झाला आणि डाग गेले. पॉलियुरेथेन पाण्याला सहज दाद देत नाही; मात्र खोल ओरखडा गेला तर ते असं सांधता येत नाही, बहुतेक वेळा पुन्हा घासावंच लागतं.

म्हणून फडकं हाती घेण्याआधी पॉलिशवाल्याला विचारा, वर काय लावलंय? हाताला कोरडं लागलं म्हणजे पॉलिश पक्कं झालं असं नाही. पॉलियुरेथेनवर दोन ते चार आठवडे सतरंजी-गालिचा अंथरू नका. सामान ओढू नका, उचलून ठेवा आणि पायांखाली जाड बनातीचे तुकडे लावा. केर मऊ झाडूने काढा. पाणी सांडलं तर लगेच टिपा. पुढेही फडकं घट्ट पिळूनच फिरवा. लाखेवर गरम भांडं किंवा सॅनिटायझर तर नकोच.

आमची बादली आता जिन्याखालीच थांबते.