ब्रह्मनाळ : बोट उलटेपर्यंत

सोमवार, ५ ऑगस्ट २०१९, दुपारी ३

नागपंचमी. कागल पंचतारांकित एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आत गेलो तेव्हा कँटीनच्या टीव्हीवर काश्मीर आणि कलम ३७० चालू होतं. टेबलावरचा विषय मात्र पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ती कधीच मागं पडली होती.

बुधवार, ७ ऑगस्ट, सकाळी ७

फर्स्टला निम्मीच हजेरी. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, निपाणीच्या बाजूला यमगर्णीलाही. आमची एमआयडीसी माळावर, तिथं पूर चढत नाही. पण भंगार येईना, कास्टिंग जाईना, म्हणून भट्टी थंड. क्रेनवाले मामा रिकामे बसून हुकाला ग्रीस लावत होते. वर बीमवर पिवळ्या रंगात ‘५ टन’ लिहिलेलं. त्याच्यावर किलोभर बोजा वाटला तरी मामा शिटी घालतात आणि उचलत नाहीत, मॅनेजर उभा असला तरी.

रात्री ११

घरी जाता येईना असे आम्ही दहा-बाराजण कोअर शॉपमध्ये पुठ्ठे टाकून आडवे झालो. पलूसकडचं एक पोरगं भिंतीला टेकून मोबाईल कानाला लावत होतं, काढत होतं.

“दादा, आईचा फोन लागंना. लाईट न्हाई तिकडं.”

“चार्जिंग संपलं असंल. झोप.”

झोपलं नाही. मीही कुठं झोपलो?

तीच रात्र, पलूस तालुका

ब्रह्मनाळ. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. रामदास पंचायतनातल्या आनंदमूर्तींचं. वरून कोयनेचा विसर्ग, त्यात उघडीप न देणारा पाऊस. खाली अलमट्टी धरणाचा फुगवटा किती कारण, यावर पुढं पुष्कळ कागद रंगले. गावाला त्या रात्री चारी बाजूंनी पाणी होतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा या पुरात ५७ च्याही वर गेली.

गुरुवार, ८ ऑगस्ट, सकाळ

बचावाच्या बोटी सगळ्या गावांना पुरत नव्हत्या. ब्रह्मनाळमधून लोक बाहेर पडत होते ते स्थानिक बोटीनं. त्या फेरीला तीसेक माणसं बसली, क्षमतेपेक्षा जास्त. बाया, पोरं, म्हातारी माणसं. एवढी चढलीच कशाला, असं कोरड्यात बसून विचारणं सोपं आहे. उंबऱ्याला पाणी लागताना ज्यानं रात्र काढली, त्याला ‘पुढच्या फेरीला या’ म्हणून बघा.

पुराचं पाणी वरून सपाट दिसतं. खाली बांध, कुंपणं, झाडांचे शेंडे तसेच असतात आणि त्यांच्यामधून ओढ चालू असते. फांदीला अडकून बोट उलटली, असं बातम्यांत आलं. गावाची हद्दही धड सुटली नव्हती.

दुपार

कँटीनमध्ये भात आणि पातळ आमटी. टीव्हीवर ब्रह्मनाळचं नाव आलं तसे चमचे थांबले. त्या दिवशी नऊ मृतदेह मिळाले होते. पुढं आकडा १७ झाला.

पोरगं ताट तसंच ठेवून उठलं. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“आमचं गाव न्हवं, मामा,” ते म्हणालं. मग माझ्याकडं बघून पुन्हा तेच, जरा हळू, “आमचं न्हवं.” आणि दाराशी जाऊन परत फोन लावायला लागलं.