वंशावळ आणि वंशवृक्ष: उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या निमित्ताने

‘वंशावळ’ आणि ‘वंशवृक्ष’ हे दोन शब्द मराठीत आपण पर्यायी म्हणून वापरतो. वास्तविक ‘आवली’ म्हणजे ओळ. वंशावळीत नावे एकामागून एक येतात, तर वृक्षाला फांद्या असतात. ओळीचा वृक्ष करायचा म्हणजे प्रत्येक नावाला नेमकी जागा द्यावी लागते, आणि अशी दिलेली प्रत्येक जागा हे एक ऐतिहासिक विधान असते. ठाणे ज्यांची राजधानी होती त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या आधारे हा मुद्दा आम्ही येथे मांडू इच्छितो.

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ (इ.स. १०१७) मधील ताम्रपट सापडला. त्याचे भाषांतर १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापले गेले. पुढे भांडुपचा छित्तराजाचा (शके ९४८), खारेपाटणचा अनंतदेवाचा (शके १०१६) असे आणखी ताम्रपट उजेडात आले. म. म. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख एकत्र करून त्यांच्या इतिहासाची साधार मांडणी केली.

या ताम्रपटांतील वंशवर्णनाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक राजाची ओळख आधीच्या राजाच्या नात्याने करून दिली जाते: त्याचा पुत्र अमुक, त्याचा धाकटा भाऊ तमुक. विशेषणे बाजूला काढली तर उरते ती दोन रकान्यांची यादी. एका रकान्यात राजाचे नाव, दुसऱ्यात पित्याचे.

संगणकाच्या पडद्यावर वृक्षाकृती काढणाऱ्या साधनांनाही नेमकी अशीच यादी लागते. २०११ मध्ये माइक बॉस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात सिद्ध केलेली ‘डी-थ्री’ ही जावास्क्रिप्टची लायब्ररी त्यांपैकी सर्वपरिचित. तिच्यातील ‘स्ट्रॅटिफाय’ हे कार्य दोन रकान्यांवरून पिढ्या लावते. ‘ट्री’ हे कार्य फांद्या एकमेकींवर चढणार नाहीत अशा बेताने प्रत्येक नावाची जागा ठरवते. त्यामागची पद्धत राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांनी १९८१ मध्ये मांडली होती. ‘त्याचा भाऊ’ असा उल्लेख असेल तेथे मात्र दोघांचा समान पिता शोधून आपणच लिहावा लागतो.

असा वृक्ष काढला की यादीत न दिसणारे काही दिसू लागते. अपराजितापासून अनंतदेवापर्यंत राजे सात: अपराजित, दुसरा वज्जड, अरिकेसरी, छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणी, अनंतदेव. ओळीत या सात पायऱ्या होतात, वृक्षात पिढ्या भरतात अवघ्या चार. वज्जड आणि अरिकेसरी हे भाऊ. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे वज्जडाचे पुत्र. अनंतदेव हा नागार्जुनाचा मुलगा. म्हणजे गादी भावाकडे, पुतण्याकडे, पुन्हा भावांकडे आणि पुन्हा पुतण्याकडे गेली. खारेपाटणच्या ताम्रपटात भाऊबंदांच्या वैराने देशाची जी दुर्दशा सांगितली आहे, तिची पार्श्वभूमी या आडव्या फांद्यांत वाचता येते.

कल्याणशेजारच्या अंबरनाथ मंदिराचा लेखही याच वृक्षात पाहावा. त्यातील शक प्रथम ७८२ असा वाचला गेला होता, पुढे तो ९८२ (इ.स. १०६०) असा निश्चित झाला. लेखातील राजा मुम्मुणी. त्याचा सख्खा भाऊ छित्तराज शके ९४८ मध्ये राज्य करीत असताना मुम्मुणीला १६६ वर्षे मागे ठेवता येत नाही, हे वृक्षावर नजर टाकताच कळते.

तथापि वृक्ष पूर्ण होत नाही. पहिल्या वज्जडाचा भाऊ छद्वैदेव स्वतःच्या ताम्रपटामुळे आपल्याला ठाऊक आहे. नंतरच्या दानपत्रांतील वंशवर्णनांत त्याचे नाव नाही. वगळलेल्या नावाची खूण वंशावळीत राहत नाही, कारण ओळ पुन्हा सांधली जाते. पहिल्या अपरादित्यानंतर राज्य करणारे हरिपालदेव आणि मल्लिकार्जुन यांची अडचण निराळी. ते राजे होते हे शिलालेख सांगतात, पण कोणाचे पुत्र होते हे सांगत नाहीत.

हरिपालदेवाच्या पित्याचा रकाना रिकामा ठेवला तर ‘स्ट्रॅटिफाय’ एकाहून अधिक मुळे असल्याची तक्रार करून थांबते. त्याला अपरादित्याचा पुत्र म्हणून लिहिले तर आकृती निर्वेध उमटते, पण तिला पुराव्याचा आधार उरत नाही. सर्वांच्या वर एक काल्पनिक मूळ कल्पून त्याला तेथे जोडावे, तर बाराव्या शतकातला हा राजा नवव्या शतकातील कपर्दीच्या रांगेत जाऊन बसतो. छापील ग्रंथात अशा ठिकाणी तुटक रेषा आणि तळटीप असते. पडद्यावरची ठाशीव रेषा मात्र विद्यार्थी निःशंकपणे वहीत उतरवून घेतात.

आमच्या मते मार्ग असा आहे. उभी जागा पिढीवरून न ठरवता उपलब्ध लेखांच्या वर्षांवरून ठरवावी. लायब्ररीने काढलेले स्थान बदलण्याची मुभा असतेच. काल्पनिक मुळापासून निघणाऱ्या रेषा पुसाव्यात. मग हरिपालदेव ११४८ च्या आसपास, आपल्या काळात, कोणाशीही न जोडलेला उभा राहील. छद्वैदेवाची रेषा वेगळ्या रंगात काढून ती कोणत्या ताम्रपटावरून आली हे शेजारी लिहावे. अशी आकृती थोडी विस्कळीत दिसेल. मात्र तिच्यातील प्रत्येक रेषेसाठी एखाद्या ताम्रपटाकडे किंवा शिलालेखाकडे बोट दाखवता येईल, आणि वर्गात वंशवृक्ष काढताना विद्यार्थ्यांकडून आपण आधी हीच अपेक्षा ठेवावी.