माध्यमिक स्तरावरील विज्ञान व तंत्रज्ञानाचे वैकल्पिक विषय : एक ऐतिहासिक आढावा (१८८२ ते २०२०)

प्रस्तावना :

माध्यमिक शिक्षणात काही विषय सर्वांसाठी अनिवार्य असतात, तर काही विषय विद्यार्थ्याने आपल्या कलानुसार निवडावयाचे असतात. विज्ञान हा विषय भारतात हळूहळू अनिवार्य गटात स्थिरावला. तंत्रज्ञान मात्र बहुतांशी वैकल्पिक गटातच राहिले. हा फरक केवळ वेळापत्रकाचा नाही. कोणत्या विद्यार्थ्याने पुस्तक हाती घ्यावे आणि कोणी हत्यार, या सामाजिक प्रश्नाशी तो निगडित आहे. प्रस्तुत लेखात प्रमुख आयोग व प्रयोग यांच्या आधारे या विषयांच्या वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :

१८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या. पहिली विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी व दुसरी व्यापार-उद्योगास उपयोगी पडणारी व्यावहारिक शाखा होती. याच आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात शेती व आरोग्य यांचे ज्ञान असावे अशी मागणी केली होती. प्रत्यक्षात व्यावहारिक शाखेस अल्प प्रतिसाद मिळाला, कारण सरकारी नोकरी व प्रतिष्ठा यांचा मार्ग मॅट्रिकमधूनच जात होता. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. तिचा भर मात्र मुख्यतः प्राथमिक स्तरावर होता. १९४४ च्या सार्जंट योजनेने पुन्हा शैक्षणिक व तांत्रिक अशा दोन प्रकारच्या माध्यमिक शाळांची कल्पना मांडली.

मुदलियार आयोग व बहुउद्देशीय शाळा :

डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) स्वतंत्र शाळांऐवजी एकाच शाळेत विविध शाखा असाव्यात असे सुचविले. भाषा, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान व एक हस्तव्यवसाय हा सर्वांसाठी समान गाभा ठरला. त्याशिवाय मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक विषय, वाणिज्य, कृषी, ललित कला व गृहविज्ञान या ७ गटांपैकी एका गटातून ३ विषय निवडावयाचे होते. विज्ञान गटात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित इत्यादी विषय होते. तांत्रिक गटात उपयोजित गणित व भूमितीय आरेखन, उपयोजित विज्ञान, यंत्र अभियांत्रिकीची मूलतत्त्वे आणि विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे यांचा समावेश होता.

ही रचना व्यापक व लोकशाहीस अनुरूप होती, तथापि तिच्या अंमलबजावणीत गंभीर अडचणी आल्या. कार्यशाळा, साहित्य व प्रशिक्षित शिक्षक यांची तीव्र उणीव होती. बहुउद्देशीय शाळांसाठी शिक्षक तयार करण्याकरिता अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे १९६३ मध्ये प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली, म्हणजेच आयोगाच्या अहवालानंतर सुमारे १० वर्षांनी.

कोठारी आयोग :

डॉ. दौलतसिंग कोठारी आयोगाने (१९६४-६६) भूमिका बदलली. इतक्या लहान वयात शाखा निवडण्यास लावणे इष्ट नाही, म्हणून पहिली १० वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे आणि त्यात विज्ञान व गणित अनिवार्य असावेत, अशी शिफारस आयोगाने केली. श्रमाशी नाते राहावे म्हणून 'कार्यानुभव' सुचविला. १९८६ पर्यंत निम्न माध्यमिक स्तरावरील २० टक्के व उच्च माध्यमिक स्तरावरील ५० टक्के विद्यार्थी व्यावसायिक शिक्षणात असावेत, अशी अपेक्षाही व्यक्त केली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार इयत्ता दहावीची शालान्त परीक्षा १९७५ पासून सुरू झाली. यामुळे विज्ञान सर्वांपर्यंत पोहोचले, ही मोठी उपलब्धी होय. परंतु कार्यानुभव अनेक ठिकाणी कागदी फुले व खडूपुरता उरला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरासाठी १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के हे उद्दिष्ट ठेवले. १९९२ च्या सुधारणेत हीच मुदत ५ वर्षांनी पुढे ढकलावी लागली.

पाबळचा प्रयोग :

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचे कार्य महत्त्वाचे ठरते. तेथे विकसित झालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय इयत्ता आठवी ते दहावीसाठी होता. त्यास राज्य मंडळाने १९८७ मध्ये मान्यता दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य हे त्याचे ४ विभाग होत. विद्यार्थी आठवड्यातून १ दिवस प्रत्यक्ष काम करीत आणि गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरवीत. येथे एकच कौशल्य लादलेले नव्हते, म्हणून कोवळ्या वयात व्यवसाय ठरविण्याचा कोठारी आयोगाचा आक्षेप या विषयास लागू पडत नाही. वेल्डिंग करताना धातूचे गुणधर्म व खर्च काढताना गणित समजत असल्याने तंत्रज्ञान हे विज्ञानाच्याच अध्ययनाचे साधन बनले.

समारोप :

वरील आढाव्यावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. तांत्रिक वैकल्पिक विषयांची उपेक्षा त्यांच्या आशयामुळे कमी आणि उच्च शिक्षणाशी असलेल्या त्यांच्या दुबळ्या संबंधामुळे अधिक झाली.

२. शिक्षक व कार्यशाळा यांची तरतूद धोरणाच्या मागून आली. त्यामुळे विद्यार्थ्याची निवड ही बहुधा कागदावरची निवड ठरली.

३. हे विषय 'अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी' आहेत हा समज दृढ झाला, की त्यातून जुनी सामाजिक उतरंडच शाळेत पुन्हा उभी राहते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शैक्षणिक व व्यावसायिक विषयांतील कठोर विभागणी नाकारली असून २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय व्हावा असे उद्दिष्ट मांडले. हंटर आयोगापासूनचा इतिहास पाहता केवळ टक्केवारी निश्चित केल्याने हा प्रश्न सुटत नाही. गुणवत्तायादीतील विद्यार्थीही आपणहून कार्यशाळेत जाईल आणि तेथे घेतलेले शिक्षण महाविद्यालय प्रवेशाच्या वेळी मोलाचे मानेल, तेव्हाच 'वैकल्पिक' या शब्दाला खरा अर्थ प्राप्त होईल. ही जबाबदारी केवळ शाळांची नसून प्रवेशाचे निकष ठरविणाऱ्या महाविद्यालये व विद्यापीठांचीही आहे.